शकूचा गाऊन

हाताला प्लॅस्टर घालून तिसरा दिवस होता, आणि तिन्ही दिवस रंभा दाराबाहेर पडली नव्हती. वालाच्या शेतात बांधावरून घसरली नि उजवं मनगट मोडलं. एका हातानं नऊवारीचा कासोटा खोचता येत नाही. म्हणून सून शकू सकाळी तिला स्वतःचा गाऊन चढवायची, बटणं लावायची आणि धाटावच्या कंपनीची बस गाठायला पळायची.

रंभा बसली की उठायची, उठली की चुलीपर्यंत जाऊन परत यायची. लुगड्यात तिनं भारे वाहिले होते, भाताची आवणी केली होती, गुडघाभर चिखलात अडलेली म्हैस मोकळी केली होती. गाऊन घोट्यापर्यंत होता, तरी पाय उघडे पडल्यासारखे वाटत. निडी गावातल्या पोरी गाऊनवर हापशीला जात, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण समोरच्या घरात हैबतराव होते, तिच्या वारलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावर पदर नसताना ती त्यांच्यापुढे कधी उभी राहिली नव्हती. गाऊनला पदर कुठला?

दुपारी आळीत कुणी नव्हतं. सगळे वाल काढायला गेले होते. खिडकीतून तिला हैबतराव दिसले. अंगणात सुकत घातलेल्या शेंगा पायानं परतत होते. मधेच थांबले, मांडवाचा खांब धरला आणि कुशीवर शेंगांतच कोसळले. उठू बघत होते, पण एकच पाय हलत होता.

रंभा दारापर्यंत गेली नि थबकली. वळली. दोरीवरचं लुगडं ओढलं. एक टोक दातांत धरून कमरेला वेढा दिला, डाव्या हातानं गाठ मारायला गेली, ती सुटली. पुन्हा दिला. निऱ्या पायांत आल्या. बाहेरून घोगरा आवाज आला, त्यात शब्द नव्हते. तिनं तिसऱ्यांदा वेढा घेतला. तोही घसरला, तेव्हा लुगडं तिथंच टाकून ती बाहेर धावली.

हैबतरावांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिनं हाका मारल्या. ऐकायला कोण होतं? अनवाणीच सडकेवर जाऊन मधोमध उभी राहिली आणि प्लॅस्टरचा हात वर करून येणारी मिनीडोर रिक्षा अडवली. ड्रायव्हरनं त्यांना उचलून आत घातलं. रोह्यापर्यंत त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

तासाभरात दवाखान्यात निम्मी आळी जमली. हैबतरावांचा मुलगा पोपट येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की काकी होती म्हणून बापूस वाचला, तिनं लाजबीज काही बघितली नाही, होती तशी धावली. बायका तिच्याकडे मानानं बघत होत्या. रंभा भिंतीला टेकून उभी राहिली, बाकावर बसली, पुन्हा उठली.

डॉक्टर बाहेर आले. जीव वाचलाय, पण उजवी बाजू गेली, म्हणाले. अशा दुखण्यात वेळेलाच महत्त्व असतं. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, पडल्यापासून किती वेळानं उचललं?

"लगीच उचललं," पोपट म्हणाला.

"नाय," रंभा म्हणाली. "लुगडं नेसायला लागतो तेवढा येळ गेला मधी."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्या गाऊनकडे पाहिलं.