पत्रिकेचा मोर

“अहो, मुहूर्त कितीचा आहे? पत्रिका बघा जरा!” पैठणी नेसून तयार झालेल्या बायकोने हाक मारली.

पत्रिका माझ्यासमोरच होती, फक्त तिचा मोर झाला होता. शाळेत चिकटकामाच्या तासाला स्वतःची बोटं चिकटवून घेणाऱ्या मला निवृत्तीनंतर जुन्या लग्नपत्रिका कापून चित्रं करायचा नाद लागला होता. काल पिसाऱ्याला जांभळा कागद कमी पडला, आणि हात आवरला नाही. मुहूर्ताचे आकडे कात्रीत गेले. पत्ता तेवढा पिसाऱ्यात शाबूत होता.

शेवटी मोरच काखोटीला मारून निघालो. रिक्षात बायको पिसारा फिरवून फिरवून पत्ता वाचत होती आणि मधूनमधून माझा उद्धार करत होती. पोहोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या.

मुलीचा बाप, म्हणजे माझा मित्र, मोराकडे बघतच राहिला. चोचीवर ‘कृपया आहेर आणू नये’ वाचून तो पोट धरून हसला, आणि मोर त्याने थेट नवरा-नवरीच्या मधोमध नेऊन ठेवला.

आता कुणीही लग्नाचं बोलवायला आलं की दोन पत्रिका देतं. एक माझ्या हातात, कापायला. दुसरी बायकोच्या हातात, लग्नाला यायला.