सगळ्यांना मनाई

"परवानगी नाही," असं कॉम्प्युटरनं पुन्हा सांगितलं आणि सासऱ्यानं माउस टेबलावर आपटला.

"आपटून उतरणार आहे का?" कामावरून आलेली सून दारातच उभी होती. बॅग अजून खांद्यावर.

"सहाला साइट बंद होतेय. कायमची. तिची सगळी गाणी तिथं आहेत आणि सकाळपासून एकही उतरत नाहीये." हे सगळं तो पडद्याकडं बघत बोलला. सुनेकडं मदत मागायचीच, तर निदान तोंड तरी दुसरीकडं असावं.

सासू जाऊन वर्ष व्हायचं होतं. ती स्वतः गाणी रचायची, स्वतःच्या फोनवर म्हणायची आणि त्या साइटवर टाकायची. ऐकणारे पाच-सहाजण असतील. तिच्यामागोमाग तो फोनही बंद पडला. आता तिचा आवाज जगात त्या एकाच जागी उरला होता, आणि तिथंही जेमतेम पाऊण तास.

सुनेनं खुर्ची ओढली. फोल्डर उघडेना. ती सेटिंगमध्ये शिरली, खाली खाली जात राहिली आणि थांबली.

"बाबा, याला कुलूप कुणी लावलं?"

"मी. तुझ्या नवऱ्याला सुट्टी होती तेव्हा त्याला पासवर्ड टाकायला लावला आणि करून घेतलं. कुणी हात लावायला नको."

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणी."

घरात माणसं तीन. तो, मुलगा आणि ती. सुनेला काय समजायचं ते समजलं.

"इथं 'एव्हरीवन'समोर 'डिनाय'ची खूण केलीय तुम्ही. सगळ्यांना मनाई."

"मग? बरोबर आहे."

"सगळ्यांत तुम्हीही आलात."

"मी कसा येईन? फोल्डर माझा आहे."

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यानं जन्म काढला होता. त्याच्या सहीशिवाय तिथून नट हलत नसे. 'आत येण्यास मनाई' अशी पाटी तिथंही होती आणि त्या पाटीखालूनच तो रोज आत जायचा. त्याच सवयीनं त्यानं आधी कुलूप लावलं आणि मग सामान आणायला निघाला. फोल्डर रिकामा होता. गेला आठवडाभर तो रिकाम्या फोल्डरवर पहारा देत होता.

"काढ ती खूण."

"काढायला त्याचाच पासवर्ड मागतंय."

सासऱ्यानं मुलाला फोन लावला. कामाची पाळी चालू असताना त्याचा फोन लॉकरमध्ये असतो, हे दोघांनाही माहीत होतं. तरी लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला.

"बाबा, तो फोल्डर गेला खड्ड्यात. माझ्या कामाच्या फोल्डरमध्ये उतरवते. पुढचं पुढं बघू."

"तिथं नको."

"का?"

"तू पुसशील. मागं माझे फोटो पुसलेस."

"जागा कर, जागा कर म्हणून तुम्हीच मागं लागला होतात. आणि फोटो कसले, तुमच्या अंगठ्याचा एकच फोटो होता, चाळीस वेळा काढलेला."

तो हसला नाही. फोन लावत राहिला. सून हात मांडीवर ठेवून बसली. काम एका क्लिकचं होतं आणि ती ते करत नव्हती. एकदा तोंडानं म्हणू दे, मग करते, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. दोघं असे आपापला मान सांभाळत बसले, आणि मेलेल्या बाईच्या पाऊण तासातला बहुतेक वेळ दोघांनी मिळून खाल्ला.

शेवटी फोन त्याच्या हातातून निसटला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"घे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "कुठंही घे. तुझ्यात घे. पाया पडतो तुझ्या."

"उठा आधी." तिची बोटं चालू झाली होती. तिनं फोल्डर बदलला. या वेळी नकार आला नाही. हिरवी रेघ उमटली आणि मुंगीच्या पावलानं सरकू लागली. शेवटच्या दिवशी सगळा गाव त्या साइटवर लोटला असणार. तिनं सगळी गाणी एकदम उतरवायला लावून बघितली, तर एकही हलेना. मग एक ठेवलं आणि बाकीची सोडली.

"कुठलं ठेवलंस?"

"वरचं. निवडायला वेळ आहे का?"

"चल," तो रेघेला म्हणू लागला. "चल गं. चल की."

अर्ध्याच्या जरा पुढं रेघ थांबली. पान पांढरं झालं. मग त्यावर दोन ओळी आल्या. सेवा बंद झाली आहे. आपल्या साथीबद्दल आभार.

सासऱ्यानं पडद्यावर तळहात टेकला, दार ढकलावं तसा. "परत उघड."

"नाही उघडणार, बाबा."

"उघड म्हणतो ना."

तिनं उघडलं. त्याच दोन ओळी. तो म्हणत राहिला आणि ती उघडत राहिली.

मग तिनं आपल्या फोल्डरमधली ती अर्धवट फाइल शोधली, तिचं नाव बदललं आणि लावली.

आधी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग खोकला. मग सासू गायला लागली, कुणी ऐकत नाहीये अशा आवाजात. पहिली ओळ, दुसरी, परत पहिली. तिसरीच्या मध्यावर आवाज तुटला.

सासऱ्याचे ओठ हलले. उभा संसार झाला, पण ओठांवर पुढचा शब्द येईना.

सुनेनं तिसरी ओळ पुरी केली. नुसती बोलून, तिला गळा नव्हता. मग चौथी बोलली आणि गप्प झाली.

"पुढं?" सासऱ्यानं विचारलं. आता तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"पुढचं मला येत नाही," सून म्हणाली. "आई ओट्याशी म्हणायच्या. इथवर आलं की तुम्ही बाहेरून हाक मारायचात."