वाकडी मान

"मान वाकलीय, काकू. ही सुरात वाजणारच नाही," गिटार हातात फिरवत तो म्हणाला. जुन्या गिटारी पडत्या भावात घेऊन ऑनलाइन विकणाऱ्या त्याला धडधाकट मालात खोट काढणं म्हणजे हातचा मळ. गेलेल्या नवऱ्याची, वर्षानुवर्षं कपाटावर पडून असलेली ती गिटार काकूंनी मुकाट्याने देऊन टाकली, आणि त्याने ती आठवड्यात तिप्पट किमतीला खपवली.

मग काकूंचा फोन आला. चोराच्या मनात चांदणं!

"ती मान पहिल्यापासूनच वाकडी असेल का रे?"

"हो हो, अगदी कारखान्यातूनच!" तो घाईघाईने म्हणाला.





"म्हणजे दोष गिटारचा होता... आणि 'बेसूर, बेसूर' म्हणून हिणवून मी ह्यांचं वाजवणंच बंद पाडलं रे."