साखरेचं कुलूप

मुलीने साखरेच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मधुमेहामुळे माझ्या पायावरची जखम भरत नव्हती ना. रोज जेवणावर ती फळांच्या चवीच्या दह्याचा डबा पुढ्यात आदळायची. "लो फॅट आहे बाबा, हवं तेवढं खा." मी खायचो. तरी रक्तातली साखर वाढली. आज डॉक्टरीणबाईंसमोर तिचा तोल सुटला. "चोरून गोड खातात हे. पाय कापून घेतील, पण जीभ आवरणार नाहीत." तिने ऐटीत पिशवीतून दह्याचा डबा काढला. "मी हे देते." डॉक्टरीणबाईंनी डब्यामागची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "चरबी काढली, चव गेली, म्हणून साखर ओतलीय. डब्यात चार चमचे." मुलगी पुटपुटली, "बाबा, इतकं गोड होतं, तर सांगायचं ना." "सांगितलं होतं गं. तू उठून कपाटाचं कुलूप तपासलंस."