कागदाखालची फोड
व्हर्लिन पाइपमधून जी बर्ली जातीची तंबाखू ओढायचा, ती बनवणं कारखान्याने कधीच बंद केलं होतं. उरलेला एकमेव डबा तो फक्त रविवारी चर्चहून आल्यावर उघडायचा. “एवढी जुनी, तरी वाळत कशी नाही रे?” शेजारचा डेल्बर्ट विचारायचा. “केंटकीचं पान आहे गड्या, असं वाळत नाही,” व्हर्लिन ऐटीत सांगायचा. आतून बायको लुएला ओरडायची, “ए म्हाताऱ्या, धूर घेऊन कोठारात जा!” लुएलाला पुरून दोन महिने झाले. आज त्याने दाबून बनवलेल्या तंबाखूची शेवटची पट्टी उचलली, तर बोटांतच तिचा भुगा झाला. चरफडत त्याने डब्याच्या तळाचा कागद उचकटला. खाली सफरचंदाची वाळलेली फोड होती. तंबाखूला ओल राहावी म्हणून ठेवतात तशी. त्याने ती कधीच ठेवली नव्हती. भुगा पाइपमध्ये भरून त्याने कानोसा घेतला. कुणीच ओरडलं नाही. तो मुकाट्याने कोठारात गेला.