समुद्राकडची भिंत

"नशेत होता, असं लिव," फ्रँक म्हणाला आणि पुन्हा खुर्चीवरून उठला.

बायकोचं, मॉलीचं अक्षर चांगलं, म्हणून तक्रार तिच्याकडून लिहून घेत होता. पण तिचं पेन काही पुढे सरकत नव्हतं.

फ्रँकला बसवतच नव्हतं. पडवीची समुद्राकडची भिंत परवा कोसळली, तेव्हापासून उत्तनचा सगळा वारा जणू त्याच्याच घरी राहायला आला होता. ताडपत्री दिवसभर फडफडे, कॅलेंडर खिळ्यावर डोकं आपटे, आणि फ्रँक या दारातून त्या दारात फिरत राही. त्याच्या बापाने स्वतःच्या हातांनी रचलेली भिंत. शेजारच्या गेविनचा टेम्पो तिच्यात घुसला, आणि टेम्पोचा विमा कधीचाच संपलेला.

चौकीतल्या हवालदाराने समजावून सांगितलं होतं. विमा नाही म्हणजे कंपनी पैसे देणार नाही. तक्रार लिहून आणा, ठाण्याच्या कोर्टात दावा लावा, मग चालवणाऱ्याकडून आणि मालकाकडून भरपाई वसूल होईल. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही. चालवत कोण होतं, असं त्याने विचारलं तेव्हा फ्रँकला हसूच आलं. टेम्पो गेविनचा, चावी गेविनची. दुसरं कोण चालवणार?

तो स्वतः तेव्हा धक्क्यावर जाळं शिवत होता. आवाज ऐकून धावत आला, तर गेविन आणि मॉली दोघंही धुळीत पांढरी होऊन उभी होती.

सकाळी गेविन येऊन गेला. माडासारखा उंच पोरगा, दाराच्या चौकटीखाली वाकून उभा राहिला. भिंत आपण हाताने बांधून देतो, विटाही आपणच आणतो, पण तक्रार नको, म्हणाला.

"आधी सांग, झालं कसं?"

"चुकलं, अंकल."

एवढंच. मच्छीने भरलेला टेम्पो डोंगराच्या वळणांवरून रोज भाईंदरला नेणारा माणूस, आणि भर दुपारी घरापुढच्या मोकळ्या खळ्यात त्याला एवढी भिंत दिसली नाही? प्यायला होतास तू, फ्रँक म्हणाला. गेविनने एकदा आत मॉलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

मॉली मात्र सारखी आडवी येत होती. टेम्पो जप्त झाला तर बायांनी टोपल्या काय डोक्यावरून न्यायच्या बाजारात? पोराचं लायसन गेलं तर त्याने खायचं काय? आणि मागच्या वर्षी रात्री फ्रँकच्या छातीत कळ आली, तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं?

"नेलं, त्याची फी म्हणून भिंत देऊ काय?"

"तवा तो गावात होता म्हणून," मॉली हळू आवाजात म्हणाली. "नसता तर?"

फ्रँकने तिच्याकडे पाहिलं. कपाळावरचं टेंगूळ अजून जांभळं होतं. ओट्यापाशी उभी होते, विटेचा तुकडा उडून लागला, असं ती म्हणाली होती. ते टेंगूळ दिसलं की त्याचा राग नव्याने उसळे. भिंत गेली तर गेली, पण जरा खाली लागलं असतं तर हिचा डोळा गेला असता. हात कापेल म्हणून त्याने हिला आजवर कधी शहाळं सोलू दिलं नव्हतं.

"आनि माझी उशीपन घाल त्यात," तो म्हणाला. "खुर्चीतली. ढिगाऱ्याखाली गेली ती."

"उशीची कसली भरपाई मागतोस?"

"मग बसू कशावर? हाडं टोचतात."

मॉलीने पेन खाली ठेवलं. वाऱ्याने येशूच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझली होती. ती लावायला तिने पाट ओढला, त्यावर चढली, तरी टाचा उचलाव्याच लागल्या.

"उद्या देऊ," ती पाठमोरीच म्हणाली. "आज न्हाय."

"आजच. मी फोटो काढून येतो, तवर लिहून ठेव."

टेम्पो विटांमध्ये नाक खुपसून तसाच उभा होता. परवापासून कुणी त्याचं दारही उघडलं नव्हतं. फ्रँकने नंबरचा फोटो काढला, फुटलेल्या दिव्याचा काढला. मग वाटलं, आत बाटली मिळाली तर पुरावाच होईल. त्याने दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि चालवणाऱ्याच्या जागेवर अंग लोटलं.

बसताच येईना. तो काही गेविनएवढा उंच नव्हता, तरी त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढे ओढलेली होती.

खाली काहीतरी मऊ लागलं. बाटली गुंडाळून ठेवली असेल, म्हणून त्याने हात घालून ते ओढून काढलं.

त्याची उशी होती.