काचेची टाकी

लातुरात आठव्या दिवशी नळ आला तेव्हा मी क्लासला होते. येऊन बघते तर हंडे, घागरी, पातेल्यांच्या रांगेत माझी काचेची टाकी काठोकाठ भरलेली. ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे वेग वाढवल्यानं तापणारा कॉम्प्युटर पाण्यानं गार ठेवायला ती मागवली होती. पंप कुठं, नळ्या कुठून, दोन महिने नकाशे काढत होते. डोकं सणकलं. “आई, हिच्यात डिस्टिल्ड वॉटरच लागतंय. ह्या पाण्यातल्या क्षारांनी अख्ख्या पंपाचं वाटोळं होईल.” “रिकामी दिसली, भरून ठिवली. नळाच्या दिवशी आपल्यात रिकामं काई ठिवतेत का?” मी तिच्यादेखत टाकी मोरीत उपडी केली. जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांच्या ताटाशेजारी भरलेला तांब्या होता, माझ्या ताटाशेजारी ती रिकामी टाकी. ठेच्यानं जीभ पेटली. बाबांनी आपला तांब्या माझ्याकडं सरकवला. आईनं तो परत ओढून घेतला.